पोऱ्या चांगला शे ना?

आमच्या खान्देशात लग्नाची चौकशी फोनवर होत नाही. फोनवर फोटो येतो, पगार कळतो, हल्ली मुलगा-मुलगी आपसात बोलूनही घेतात. पण चौकशी करायची म्हटली की माणूस एसटीत बसून मुलाच्या गावी येतो, आणि तिथेही चौकशीला आलो असं म्हणत नाही. तो कुणाची तब्येत बघायला आलेला असतो, नाहीतर भरताची वांगी न्यायला. इकडच्या तिकडच्या गप्पा होतात, चहा होतो, आणि कपात शेवटचा घोट उरला की तो सहज विचारल्यासारखं विचारतो, तो समोरचा पोऱ्या चांगला शे ना?

याचं उत्तर कसं द्यायचं तेही ठरलेलं आहे. मुलगा चांगला असेल तर 'चांगला आहे, डोळे मिटून द्या' म्हणायचं. नसेल तर वाईट मात्र कधीच म्हणायचं नाही. कुणाच्या लेकराच्या ताटात आपण कशाला माती कालवा. तेव्हा 'घर तसं मोठं आहे' म्हणायचं, 'आमचं फारसं जाणं-येणं नाही' म्हणायचं, फारच झालं तर 'तुम्ही बघा बुवा' म्हणायचं. विचारणारा काय समजायचं ते समजतो, पिशवी उचलतो आणि निघतो. चार दिवसांनी मुलीकडून निरोप येतो, की मुलीला अजून शिकायचं आहे.

हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी एका घरी असाच चहा पिऊन 'तुम्ही बघा बुवा' ऐकलं होतं आणि घरी येऊन आईला सांगितलं होतं, ते ठिकाण आता विसरा. मी धुळ्याकडची, जळगावात नांदायला आणि शिकवायला आले. हा रिवाज मला माहीत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. म्हणावंसं मात्र फार वाटतं.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. हा विषय घेणारी मुलं थोडी; ज्यांना भूगोल मिळाला नाही ती माझ्याकडे येतात आणि वर्षभर तसंच उतरलेलं तोंड करून बसतात. पण नीतिशास्त्राच्या पहिल्याच तासाला मी त्यांना पकडते. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, 'चांगलं म्हणजे काय?' मुलं उत्तरं देतात. आनंद. लोकांचं भलं. कर्तव्य. धर्मात सांगितलंय ते. विहारात जाणारी मुलं म्हणतात, पंचशील. प्रत्येकाला माझा एकच उलटा प्रश्न असतो: बरं, आणि ते चांगलं असतं का?

मुलगा अडखळतो, कारण हा प्रश्न विचारता येतो. विधुर म्हणजे बायको वारलेला पुरुष, हे एकदा कळलं की 'बायको वारलेला पुरुष विधुर असतो का' असं कुणी विचारत नाही. विचारलं तर लोक त्याला वेड्यात काढतील. पण 'सगळ्यांना आनंद देणारी गोष्ट चांगली असते का' हे शहाणा माणूससुद्धा विचारतो आणि त्याला कुणी हसत नाही. म्हणजे चांगलं आणि आनंद या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आनंदाच्या जागी तुम्ही दुसरं काहीही ठेवा, तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

हिवाळ्यात मी वर्गात एक वांगंसुद्धा नेते. चांगलं वांगं कसं ओळखायचं, विचारलं की भूगोल न मिळालेली पोरं एका सुरात बोलायला लागतात. हिरवट पांढरं हवं, हाताला हलकं हवं, आत बी कमी हवं, देठ ताजा हवा. जळगावच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. मग मी म्हणते, वांग्याला भरीत व्हायचं असतं, म्हणून त्याचं चांगलेपण कशात ते तुम्हाला सांगता आलं. माणसाला काय व्हायचं असतं? वर्ग गप्प होतो. ती शांतता मला फार आवडायची. मी टेबलावर वांगं ठेवून खिडकीबाहेर बघत उभी राहायचे आणि पोरांना त्यात जरा शिजू द्यायचे.

जळगावातल्या मेहरूण भागात आमची गल्ली अरुंद आहे. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बंद करायला उठते. नवरा गेल्यापासून मी एकटी, आणि समोर अक्का आणि तिचा मुलगा. अक्का धरणगावकडची, बोलते ती अजून तिकडचंच. पौर्णिमेला मला हाताला धरून विहारात वंदनेला नेते, कारण तिच्या मते शिकलेली माणसं आपणहून जात नाहीत. तिचा मुलगा एका लॅबमध्ये आहे. सकाळी गाडीला डबा अडकवून घरोघर रक्ताचे नमुने घेत फिरतो. माझ्या साखरेच्या तपासणीचं रक्तही तोच घेतो, आणि त्याचा हात इतका हलका आहे, की सुई शिरल्याचं कळायच्या आत बाहेर निघालेली असते.

माझ्या चुलत भावाची, नानाची, मुलगी धुळ्याला एका शाळेत विज्ञान शिकवते. तिच्यासाठी मध्यस्थानं नेमकं हेच स्थळ नेलं. दोघांनी एकमेकांना पाहिलं, फोनवर बोलणं सुरू झालं, आणि दोघांच्या बोलण्यात माझं नाव निघालं तेव्हा दोन्ही घरी आनंदीआनंद झाला. अक्का तर पळत माझ्याकडे आली. तिनं मध्यस्थाला बजावून सांगितलं होतं, की दुसऱ्या कुणाले इचारू नका, आम्हना समोरना मॅडमले इचारा.

नाना आला तो माझ्या साखरेची विचारपूस करायला. येताना मेथीचे लाडू घेऊन आला, म्हणजे विचारपूस किती खोल होती ते बघा. मी खिडकीजवळ त्याला बसवलं. समोर अक्का दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिनं नानाला पाहिलं, डोक्यावरचा पदर नीट केला, उरलेले कपडे तसेच बादलीत टाकून आत गेली आणि तिच्या बाजूची खिडकी लावून घेतली. आम्हाला मोकळेपणानं बोलता यावं म्हणून. नाना ते बघून हसला आणि म्हणाला, बाई समजदार आहे.

मी नानाला सगळं सांगितलं. नोकरी, घर, गावाकडची थोडी शेती. दारू नाही, तंबाखू नाही, जुगार नाही, उधाऱ्या नाहीत. आईला दवाखान्यात नेतो, कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की आपण पंचशिलासारखं बोलतोय, मुलगा काय करत नाही त्याचीच यादी मोठी होते आहे. आणि लक्षात आल्याचा मला आनंद झाला. पुढच्या तासाला हे वापरता येईल असंसुद्धा मनात येऊन गेलं. नाना मान हलवत होता. यातलं बरंचसं मध्यस्थानं त्याला आधीच सांगितलं होतं. कपात शेवटचा घोट उरला होता.

"ते बठ्ठं माले माहीत शे, बाई," तो म्हणाला. "पोऱ्या चांगला शे ना? तेवढंच सांग."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे एक बादली आली. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, याच खिडकीतून, मी अक्काच्या मुलाला आईवर ओरडताना पाहिलं होतं. भर अंगणात ओरडत होता, आणि शेवटी त्यानं पाण्याची बादली लाथाडली होती. अक्का भिंतीला टेकून खाली बघत उभी होती. एकदाच पाहिलं होतं, पण पाहिलं होतं. आता मला वाटतं, माझी सगळी विद्या त्या बादलीत पडली. व्याख्येला एक अपवाद सापडला की व्याख्या मोडते, हे मी इतकी वर्षं शिकवत आले, आणि समोरचा पोऱ्या व्याख्या नसून माणूस आहे हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं नाही म्हणणंही खोटं आहे. वर्गातली ती शांतता मला घरातही हवी होती, चहाच्या कपासमोर, माझ्या सख्ख्यासारख्या भावाकडून.

"नाना," मी म्हणाले, "चांगला म्हणजे काय, ते आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. मी जे पाहिलं ते सांगितलं. चांगला आहे असं छातीठोकपणे मी कशी म्हणू?"

नानानं कप खाली ठेवला. घोट तसाच राहिला. बंद खिडकीकडे बघत तो हळू आवाजात म्हणाला, "समजनं माले, बाई. तू आपली शेस म्हनीसन खरं सांगं."

'खरं सांगितलंस' ही शाबासकी आहे असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेले, त्याच्या पिशवीत वांगी भरून दिली, आणि घरी येऊन एकटीच दोन लाडू खाल्ले, साखर असून. कुणीतरी शेवटी माझ्यासारखा विचार करतो, असं मनाशी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी तो प्रसंग वर्गात सांगितला. नावं नाही सांगितली, एवढी अक्कल होती. एक गृहस्थ मुलाची चौकशी करायला येतात आणि सगळी माहिती मिळूनसुद्धा विचारतात, पण चांगला आहे ना? म्हणजे बघा, मी म्हणाले, साध्या माणसालाही कळतं, की माहितीची कितीही बेरीज केली तरी चांगलेपण त्यात येत नाही. वर्ग हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, मग मॅडम, त्या गृहस्थांनी काय समजायचं? मी म्हणाले, छान प्रश्न आहे, आणि पुढे गेले.

आठवडाभरानं अक्का भरीत घेऊन आली. शेतावरून कुणी वांगी आणली होती, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, घरभर धुराचा वास सुटला. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, फडक्यात गुंडाळलेली. मला समोर बसवून तिनं खाऊ घातलं आणि मी दुसरा घास तोंडात घातल्यावर म्हणाली, की धुळ्याहून निरोप आला. मुलीला अजून शिकायचं आहे म्हणे.

घास माझ्या तोंडातच राहिला. माझी भाची दोन डिग्र्या घेऊन नोकरीला लागलेली आहे, तिला आणखी काय शिकायचं असणार?

"नशीब शे, मॅडम," अक्का म्हणाली. "दुसरं ठिकाण यी. शिरपूरवालास्ले भी तुम्हनंच नाव सांगेल शे."

तिनं मला आणखी भरीत वाढलं. मी नको म्हणू शकले नाही. माझ्याकडे ती बघत होती, ते आवडलं का हे बघायला. आणि मी मान खाली घालून, एकेक घास करत, ते सगळं संपवलं. एवढी लाज मला परीक्षेत नापास झाले तेव्हाही वाटली नव्हती. मुलगा काय म्हणतो, एवढं विचारलं. काही नाही म्हणतो, अक्का म्हणाली, फक्त रोज फोन यायचा तो आता येत नाही.

ती गेल्यावर मी नानाला फोन लावला. माझं ऐकून घ्यायच्या आधी त्यानं माझे आभार मानले. मग मी त्याला सांगितलं, की अरे, मुलगा चांगला आहे. मला तसं म्हणायचं नव्हतं. मला वेगळंच म्हणायचं होतं. हे वेगळं म्हणजे काय, ते समजावण्याच्या नादात मी विधुराचं उदाहरण देऊ लागले, आणि मुलीच्या लग्नाच्या गोष्टीत हा शब्द काढला म्हणून नानानं विषयच बदलला. पुढे काही बोलायची सोय राहिली नाही. मी म्हटलं, मीच येते धुळ्याला.

जळगाव ते धुळे हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेल. त्या दिवशी एसटीत बसून मी पाठ केलेलं भाषण पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि प्रत्येक वेळी ते जास्तच शहाणं होत होतं. पारोळ्याला शेजारी बसलेल्या बाईनं मला विचारलं, ताई, कुणी गेलं का? इतकं माझं तोंड उतरलं असावं.

नानानं माझं सगळं नीट ऐकून घेतलं. तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला समजुतीच्या स्वरात सांगितलं, की चौकशीत पहिला शब्द खरा असतो. दुसरा शब्द माणूस भिडेपोटी बोलतो. समोरासमोर राहायचं, त्या बाईनं काही म्हटलं असेल, तुला वाईट वाटलं असेल, ते मी समजतो. पण मुलगी द्यायची आहे. मी शपथ घ्यायला निघाले तेव्हा त्यानं मला थांबवलं. "चांगला शे, येवढंच आयकाले ऊंथू मी," तो म्हणाला. "तू म्हने नही." तेवढंच ऐकायला तो इतक्या लांब आला होता, आणि मी ते म्हटलं नव्हतं. 

भाची शाळेतून आली. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. लहानपणापासून ती 'फुई, फुई' करत माझ्या पाठीमागे असायची. त्या दिवशी तिनं पाणी आणून दिलं, वाकून पाया पडली आणि माझ्यापासून लांब, दारात बसली.

"फुई, तू वाईट म्हणाली असतीस ना," ती म्हणाली, "तर मी तुझ्याशी भांडले असते. विचारलं असतं, काय पाहिलंस ते सांग. तू काहीच म्हणाली नाहीस. त्याच्याशी कसं भांडायचं?"

मी तिला बादलीचं सांगितलं. ती थोडी हसली. म्हणाली, एवढंच? ते त्यानं मला दुसऱ्याच फोनवर सांगितलं होतं. मग हसणं थांबवून म्हणाली, की बाबांनी तुझं सांगितल्यावर मीही त्याचा फोन उचलला नाही. तीनदा वाजला. तू खोटं बोलत नाहीस असं सगळे म्हणतात, म्हणून नाही उचलला. आता परत कोणत्या तोंडानं लावू? हे ती रडत बोलली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती पोळ्यांची कणीक मळायला उठून गेली.

तिचं आता नंदुरबारचं जमलं आहे. मुलगा बरा आहे म्हणतात. त्याची चौकशी करायला मला कुणी सांगितलं नाही.

धुळ्याहून परत आल्यावर माझ्या साखरेच्या तपासणीची वेळ झाली होती. मी ती टाळत होते. शेवटी अक्कानंच त्याला पाठवलं, मॅडमचं रक्त घ्यायचं राहिलंय म्हणून. सकाळी तो आला, डबा टेबलावर ठेवला, दंडाला पट्टी बांधली आणि म्हणाला, मूठ आवळा. मी मूठ आवळली. तो शीर शोधत असताना, तो माझ्याकडे बघत नाही तेवढ्यात, मी सांगून टाकलं. की धुळ्याच्या लोकांनी नकार दिला तो माझ्यामुळे. मला विचारलं आणि मी तुला चांगला म्हणाले नाही.

त्याचा हात थांबला नाही. सुई गेली, नळीत रक्त आलं. "माहितीय मला," तो म्हणाला. "मध्यस्थानं सांगितलं. मूठ सोडा."

मी मूठ सोडली. राग नाही आला का, विचारलं. आला ना, तो म्हणाला, खूप आला. बरेच दिवस तो माझ्या दारावरून गेलाच नव्हता, गाडी मागच्या गल्लीनं काढत होता. माझं रक्त घ्यायला लॅबमधल्या दुसऱ्याला पाठवणार होता. मी बादलीचं बोलले तेव्हा त्यानं मान हलवली. हो, ओरडलो होतो, म्हणाला. बादलीपण लाथाडली होती. का, ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी वाट बघत होते याची आता लाज वाटते. त्या बादलीमागे काहीतरी चांगलं कारण निघावं आणि माझं कोडं सुटावं, असं मला वाटत होतं. तसलं काही नव्हतं. तो चिडला होता आणि ओरडला होता, जसे सगळे ओरडतात.

सुई काढून त्यानं कापूस ठेवला आणि माझंच बोट त्यावर दाबून धरलं.

मी म्हणाले, मी आजच अक्काला सगळं सांगते. तिची माफी मागते. एवढे दिवस तिचं भरीत खाऊन बसले आहे.

"नका सांगू," तो म्हणाला. नळीवर नाव लिहिता लिहिता बोलत होता. "आईला तुम्ही चांगल्या वाटता. तेवढं राहू द्या. तिला दुसरं कोण आहे गल्लीत बोलायला?"

मग डबा बंद करून तो उठला. दारात म्हणाला, की रविवारी शिरपूरवाले येणार आहेत. आई त्यांनाही तुमच्याकडेच पाठवेल. तुम्हाला वाटेल ते सांगा, माझ्यासाठी म्हणून काही सांगू नका. कापूस अजून थोडा वेळ दाबून ठेवा.

मी तो कापूस किती वेळ दाबून बसले कोण जाणे. चहा करायला उठले तेव्हा बोट बधिर झालं होतं. वर्गात आजवर कितीतरी मुलांनी मला उत्तरं दिली होती आणि एकालाही मी सुटू दिलं नव्हतं. त्या सकाळी मी स्वतःलाच विचारून पाहिलं: अपमान गिळणं चांगलं असतं का? आईपासून लपवणं चांगलं असतं का? आपलं वाईट करणाऱ्या बाईला वाचवणं, ते तरी नेहमी चांगलं असतं का? तिन्ही प्रश्न विचारता येत होते. माझा सिद्धांत जिथल्या तिथे होता, त्याला धक्काही लागला नव्हता. आणि समोर गाडी सुरू करणारा तो मुलगा चांगला आहे, याबद्दल मला काडीइतकीही शंका नव्हती.

रविवारी शिरपूरचे नवराबायको आले. माझ्याकडे त्यांचं दुसरं काहीच काम निघण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी कॉलेजात पुतण्याला प्रवेश मिळेल का, असं कारण काढलं. मी त्यांना खिडकीजवळच बसवलं. समोर कपडे वाळत घालणाऱ्या अक्कानं त्यांना पाहिलं, पदर सारखा केला आणि आत जाऊन खिडकी लावून घेतली. कडी घातल्याचा आवाज माझ्या घरात ऐकू आला.

मी चहा आणला. त्यांनी अजून कपाला हातही लावला नव्हता, तोच मी म्हणून मोकळी झाले, "मुलगा चांगला आहे."

बाई दचकली आणि मग हसायला लागली. आम्ही अजून विचारलंच नाही की मॅडम, म्हणाली. माझं मला कळलं, की मी सगळं बिघडवलं. इतक्या घाईनं चांगला म्हणणारा माणूस भरवशाचा नसतो. तोही एक अर्थ चौकशीत असतो. गृहस्थ माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघत होते. त्यांनी विचारलं, कशावरून म्हणता?

कशावरून. माझ्याजवळ होतं ना उत्तर. इतकं भक्कम, की ऐकून त्यांनी त्याच दिवशी सुपारी फोडली असती. माझ्यामुळे या मुलाचं जमत आलेलं लग्न मोडलं, त्याला ते कळलं, आणि माझं तोंड काळं होऊ नये म्हणून तो गप्प राहिला. एवढं सांगितलं असतं तर पुरलं असतं. पण शिरपूरला कळलेली गोष्ट पुन्हा मेहरूणला यायला वेळ लागत नाही, आणि त्यानं नको म्हटलं होतं. आणि मला भीतीही वाटत होती, हेही सांगते. त्याला दिलेला शब्द मी पाळत होते की माझी अब्रू झाकत होते, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

"कशावरून ते मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. "पण चांगला आहे. डोळे मिटून द्या."

ते शब्द माझ्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या आईच्या तोंडी असायचे. गृहस्थांनी बायकोकडे पाहिलं. बाईनं मात्र कप उचलला आणि चहा पिऊन टाकला, शेवटच्या घोटासकट, आणि कप बशीत पालथा घातला. मग म्हणाली, त्या अक्काबाई म्हणतच होत्या, समोरच्या मॅडम फार चांगल्या आहेत, त्या खोटं बोलायच्या नाहीत. मी कप गोळा करायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून तिथेच उभी राहिले.

ते गेले. त्यांची गाडी मेहरूणच्या तळ्याकडे वळली तशी समोरची कडी निघाली. अक्का खिडकी उघडून अंगणात आली. तिच्या हातात ओला कपडा होता, मघाचं काम तिनं पुन्हा हाती घेतलं होतं. मी खिडकीजवळ उभी होते. ती आता विचारेल, मी काय सांगितलं म्हणून, आणि यावेळी तिच्या डोळ्यांत बघून मला उत्तर देता येईल, असं वाटून मी तिच्याकडे बघितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "त्यास्नी चहा लिधा ना?"

मी म्हणाले, हो, घेतला. तिनं मान हलवली आणि कपडा दोरीवर टाकून नीट पसरला. मी काय सांगितलं, ते तिनं विचारलं नाही. नाना आला होता तेव्हाही विचारलं नव्हतं.